आधी यादी, मग पाकिटं

प्रिय धाकट्या,

परवा दुपारी यंत्रावरची आपली मुंगी पुन्हा थिजली, आणि या वेळी का थिजली ते कळलं. खात्री केली ती आमच्या हार्डवेअरवाल्या बाईंनी. चूक तुझ्या भागात नव्हती, माझ्या भागात होती. सहा वर्षांपूर्वी ज्या दोषाचं खापर तुझ्या डोक्यावर फुटलं, तो माझ्या हातचा होता. हे आधी लिहून टाकलं, कारण पुढे लिहिता लिहिता धीर सुटला असता.

झालं ते असं. मुंगीचा प्रकल्प बंद करायचं ठरलंय. आपली ती नऊ हजार ओळींची ऑपरेटिंग सिस्टिम सोमवारी डिस्कवरून पुसतील आणि तिच्या जागी सगळीकडे असते ती नेहमीची घालतील. यंत्रं दुसऱ्या विभागाला द्यायची म्हणून ती धड आहेत का, हे बघायला बाई आल्या होत्या. त्यांनी सहज विचारलं, "चार प्रोसेसर आहेत, मग तीन झोपवून का ठेवलेत?" मी म्हटलं, "चारही जागे केले की थिजतं. जुनं दुखणं आहे." त्या म्हणाल्या, "अहो, मग दुखतंय कुठे ते तरी बघू या. पेशंट तसाही सोमवारी जाणारच आहे." चारही सुरू केले, बोर्डाला तपासणीची तार जोडली. अडीच दिवसांनी यंत्र थिजलं आणि कोणता प्रोसेसर कोणत्या ओळीवर अडकलाय ते पडद्यावर आलं.

तुझा तो कागद भिंतीवर अजून आहे : आधी यादी, मग पाकिटं. एका वेळी एकाच प्रोसेसरने हात घालावा म्हणून चालू कामांच्या यादीला एक कुलूप, नेटवर्कवरून आलेल्या माहितीच्या पाकिटांना दुसरं. दोन्ही लागणार असतील तर याच क्रमाने घ्यायची. एवढा एकच नियम तू घालून दिला होतास, आणि मी नेमकं उलटं केलं होतं. पाकीट आलं की आधी पाकिटांचं कुलूप, मग ज्या कामाला ते हवं त्याला उठवायला यादीचं. एकच प्रोसेसर चालू होता तोवर कुणाचं काही बिघडलं नाही. चार झाल्यावर एक प्रोसेसर यादी धरून पाकिटांची वाट बघत बसतो, दुसरा पाकिटं धरून यादीची. हातातलं कुणीच सोडत नाही. मग उरलेले दोघं त्यांच्यामागे येऊन उभे राहतात आणि सगळं ठप्प.

मुंगी हे नाव तूच ठेवलंस. लहान आहे, पण जाईल तिथे रांग लावेल, म्हणायचास. पहिल्यांदा दोन यंत्रं एकमेकांशी बोलली तेव्हा तू शेजारच्या खोलीतून ओरडला होतास, "ताई, पोचलं गं!" आणि मी धावत आले होते. त्यानंतर आपण एकमेकांचं काही बघायला धावत गेल्याचं मला आठवत नाही.

तू चारही प्रोसेसर सुरू केलेस त्याच आठवड्यात थिजणं सुरू झालं, म्हणून दोष तुझा, हे कुणाला समजावून सांगावंही लागलं नाही. बैठकीत आपल्या विभागाच्या सरांनी विचारलं तेव्हा मी एवढंच म्हटलं, की नेटवर्कचा भाग दोन वर्षं बिनतक्रार चालला होता. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. सर तुझ्याकडे वळून म्हणाले, "काय हो, तुमच्या ताईंचं चालत होतं, तुम्ही हात लावलात आणि बसलं?" सगळे हसले. मीही हसले. तू टेबलाकडे बघत होतास. महिन्याभरात तुझा करार संपला, तो पुढे वाढवला नाही. आम्ही तीन प्रोसेसर बंद केले, मुंगी पुन्हा थिजली नाही, आणि तोच तुझ्याविरुद्धचा पुरावा झाला.

आईचा फोन येतो. "एका डब्यापायी सख्खी भावंडं बोलेनाशी झाली, हे मी कुणाला सांगू गं? लोक जमिनीवरून तरी भांडतात!" मी विषय बदलते. तू लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत आहेस, गुडघा धरतो, घरात कॉम्प्युटर ठेवलेला नाहीस, हे सगळं तिच्याकडूनच कळतं.

परवाच मी कुलपं घेणाऱ्या त्या दोन ओळींची अदलाबदल केली. पाच मिनिटांचं काम. तेव्हापासून मुंगी चारही प्रोसेसरवर चालते आहे, तुला हवी होती तशी. बघायला मी एकटी. खोलीतल्या खुर्च्याही गेल्या. सरांना सांगितलं तर म्हणाले, "आता काय उपयोग? जुनं उकरू नका, सुखाने बंद होऊ द्या." उपयोग नाही, हे त्यांचं खरंच आहे.

पण हे पत्र त्या दोन ओळींसाठी नाही. काल, काही जपून ठेवायचं आहे का ते बघताना तुझं जुनं फोल्डर उघडलं. त्यात माझ्या फाइलची एक प्रत होती, त्याच दोन ओळी बदललेली. वर तुझी टीप : 'ताईच्या भागातली चूक. तिला विचारून घालायची.' तारीख बैठकीच्या दोन दिवस आधीची. मग आठवलं. तू माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला होतास, "ताई, तुझ्या दोन ओळी दाखवायच्यात," आणि मी मानही वर न करता म्हटलं होतं, "माझ्या भागात नाक खुपसू नकोस, आधी स्वतःचं निस्तर." म्हणजे बैठकीत तुला सगळं ठाऊक होतं. त्याच महिन्यात माझ्या बढतीचं चाललं होतं, तेही ठाऊक होतं. तू गप्प का बसलास, हे मी विचारणार नाही. उत्तर मला सोसणार नाही. मी दुरुस्तीचा अहवाल लिहिलाय आणि तुझी ती प्रत तारखेसकट त्याला जोडली आहे. सर सही करणार नाहीत, म्हणून तो माझ्या एकटीच्या सहीने जाईल. सोमवारी दहाला प्रकल्प बंद करायची समिती बसेल. बहुधा न वाचताच फायलीत टाकेल. अकराला डिस्क पुसतील. अहवालाची एक प्रत गुरुवारपर्यंत तुझ्या हाती पडेल. तिचं उत्तर येईल, असं मी धरून चाललेली नाही.

तुझीच,
ताई