सी शिफ्टच्या घरातली रेकॉर्ड

सेक्टर ६, भिलाई
१६ फेब्रुवारी १९८४

चि. अरुणकुमार यास,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. तू कसा आहेस? तुझा मेसवाला अजून वरणात पाणीच वाढतो का? मागच्या पत्रात तू चार ओळी लिहिल्या होत्यास आणि त्यातल्या दोन पुण्याच्या हवेवर. अगदी बापावर गेला आहेस. पण हे म्हटलं तर पुढच्या वेळी त्या चारही यायच्या नाहीत, तेव्हा राहू दे.

मोहन नगरच्या सिंधुआत्याच्या रत्नमालाचं जमलं. मुलगा गोंदियाचा, रेल्वेत आहे. आत्या आतापासूनच अशी हवेत चालते आहे की जणू मुलगा स्टेशन मास्तर नव्हे, स्टेशनच आहे. पेरूला यंदा फळ धरलं नाही. तुझी सायकल मी कुणाला देऊ दिलेली नाही.

तुझे बाबा दुपारच्या बी शिफ्टला गेले आहेत. मी अजून जेवले नाही. हात रिकामा राहिला की उठून फाटकाशी जाते आणि समोरची साहूबाई विचारते, काय झालं भौजी. म्हणून लिहायला बसले.

अरुण, तुझी ती रेकॉर्ड मी लावली. रागावू नकोस.

तीन दिवसांपूर्वी तुझा वाढदिवस झाला. पत्र नाही पाठवलं, त्याचं कारण पुढे येईल. सकाळपासून तुझी आठवण येत होती. खीर केली तरी खाणार कोण? म्हणून कपाटावरून रेकॉर्ड काढली. तीच, जिच्या कव्हरवर समुद्रातून वर जाणारा जिना आहे आणि जिन्याच्या टोकाला दारच नाही. तू म्हणायचास ना, आई, एका बाजूला एकच गाणं आहे, एकदा तरी पूर्ण ऐक! मी म्हणायची, एवढ्या वेळात माझ्या पोळ्या होतात. त्या दिवशी म्हटलं, ऐकूच या. सुपेल्याच्या बाजारातून नवी सुई आणून ठेवलीच होती. कुणासाठी आणली ते मला विचारू नकोस.

बाबांची रात्रीची सी शिफ्ट चालू होती. सकाळी येऊन ते झोपले होते. सी शिफ्टच्या घरात दिवसा काय चालतं आणि काय नाही हे तुला सांगायला नको. फाटकाला लाल फडकं बांधलं की भाजीवाला मुक्याने पुढे जातो. कुकर लावायचा नाही, बादली आपटायची नाही, बोलायचं तर खुणांनी. आणि खुणाही कसल्या, तर क्रेनच्या. बोट वर करून फिरवलं की उचल, तळहात खाली दाबला की सावकाश, हात आडवा फिरवला की थांब, दोन्ही हात पोटाशी गुंफले की काम संपलं. तू तर बोलायच्या आधी ‘उचल’ शिकलास. पाळण्यात पडून बोट फिरवायचास आणि बाबा हसत हसत तुला उचलायचे.

तर मी मधलं दार लावून घेतलं आणि अगदी हळू लावली. सुरुवातीला काहीच नाही. नुसता वारा. मग कुठून तरी लांबून पेटीसारखा एकच सूर, हलेना की डुलेना. मला वाटलं मशीन बिघडलं. बटण थोडं फिरवलं, आणखी फिरवलं, मग वैतागून शेवटपर्यंत फिरवलं. आणि त्याच क्षणी ते सगळं फुटलं.

काय रे ते! लग्नाचा बँड, चर्चचा बाजा आणि रोलिंग मिल एका खोलीत कोंडल्यासारखं. ढोल वाजवणारा माणूस एक ताल धरतो म्हणता म्हणता तो मोडून दुसऱ्यावर जातो. गिटारवाला त्याच्या मागे धावतो, बाजावाला दोघांच्या पुढे. कुणी दम म्हणून घेत नाही. फळीवरचे पेले वाजायला लागले. सुई उचलायला गेले, पण घाईत रेकॉर्डवर ओरखडा पडेल म्हणून उचलवेना. तेवढ्यात समोरून तेजराम साहू बनियनवर धावत आला. त्याचीही सीच होती, झोपेतून उठून आलेला. “का होगे भौजी?” म्हणत त्याने आधी बटण फिरवून आवाज बंद केला.

आम्ही दोघांनी मधल्या दाराकडे पाहिलं. आता ते येणार, आता काही खरं नाही. दार उघडेना. मीच उघडलं.

तुझे बाबा गालाखाली हात घेऊन झोपले होते. कूससुद्धा बदललेली नव्हती.

मी तेजरामकडे बघून हसले. म्हटलं, दमलेत फार. तो हसला नाही. त्यांच्याकडे बघत खालच्या आवाजात म्हणाला, “मैं तो ओकरे खाल्हे म खड़े रहिथंव, भौजी.” मी त्यांच्याच तर खाली उभा असतो.

तुला माहीत आहे ते. वर केबिनमध्ये तुझे बाबा, हुकाला वितळलेल्या पोलादाची बादली, आणि खाली हात वर करून खुणा देणारा तेजराम. धुरात हात दिसेनासा झाला की तो शिट्टी मारतो. शिट्टी आली की क्रेन थांबायची, मग काहीही असो.

संध्याकाळी ते चहा पीत असताना मी त्यांच्या पाठीमागे मुद्दाम ताट पाडलं. ते बशीत चहा ओतत राहिले.

मला आधी रडू नाही आलं अरुण, राग आला. किती वर्षं मी या घरात मांजरासारखी चालले! तुला गाणं म्हणू दिलं नाही, माझ्या माहेरची माणसं आली तर त्यांना अंगणात बसवलं. आणि ज्या झोपेसाठी हे सगळं, ती झोप आता ढोलानेही मोडत नव्हती. आम्हाला कळणार तरी कसं? घरात सगळं खुणांनीच चाललेलं. दुसऱ्या खोलीतून हाक मारली आणि उत्तर आलं नाही, तर मी म्हणायची, घुम्या माणूस. मोठ्याने बोलतात, तर कारखान्यात त्यांच्या शॉपमधली सगळीच माणसं तशी बोलतात. कारखान्याच्या तपासणीत डॉक्टर समोर बसून विचारतो आणि ते त्याच्या ओठांकडे बघून उत्तर देतात. माझ्याकडे एवढं निरखून बघतात याचं मला या वयातही बरं वाटायचं. मूर्ख मी!

दोन दिवस मी काही बोलले नाही. त्या दोन्ही रात्री ते क्रेनवर होते. माझं काय झालं असेल ते तूच समज.

काल त्यांची सुट्टी होती. जेवण झाल्यावर समोर बसून विचारलं, तुम्हाला ऐकू येत नाही ना?

“काय बोलून राहिली तू? मले सगळं ऐकू येते.”

“शिट्टी ऐकू येते?”

“तेजरामचा हात दिसते मले. धुरातबी दिसते.”

मी म्हटलं ठीक आहे. त्यांना हातांच्या खुर्चीवर बसवलं. म्हटलं, ही तुमची केबिन, मी तेजराम. मग तुझी रेकॉर्ड लावली, आवाज पूर्ण सोडून. ते चिडले नाहीत, उलट हसले. बायको वेडी झाली असं वाटलं असणार. वारा सुरू झाला तसा मी तळहात खाली दाबला, सावकाश. तो लांबचा सूर आला, तेव्हा बोट वर केलं. त्यांनी खुर्चीच्या हातांवर मुठी ठेवल्या आणि दांडे ओढायला लागले. मग ते सगळं फुटलं आणि मी दोन्ही हातांनी उचल, उचल, पुढे घे, आणखी पुढे. अरुण, मला ते गाणं काल कळलं बघ. ते सारखं काहीतरी फार जड वर नेत असतं, आणि आता पडेल, आता पडेल असं वाटत असताना आणखी वर नेतं. तुझ्या बाबांच्या मुठी इतक्या सफाईने चालत होत्या! मी त्यांना काम करताना कधी पाहिलंच नव्हतं.

जिथे सगळी वाद्यं एकमेकांवर आदळतात, तिथे मी हळूच चालत त्यांच्या पाठीमागे गेले. जाताना ‘उचल’चं बोट वरच होतं. मागे उभी राहून सगळा जीव काढून ओरडले, थांबा! थांबा! खाली तेजराम आहे!

साहूबाई तिच्या दारात आली. तुझ्या बाबांच्या मुठी चालतच होत्या.

मी पुढे आले. माझं तोंड पाहिलं आणि त्यांचे हात थांबले. मग त्यांनी विचारलं, “कवा म्हटलं तू?”

मी सुई उचलली. ते स्वतःच्या हातांकडे बघत होते. आणि मग तू घर सोडलंस त्या दिवसाबद्दल जे बोलले ते तुझ्यासाठी आहे, म्हणून जसं बोलले तसं लिहिते.

“त्या दिवशी मी पाणी प्याले उठलो होतो. बाहेर आलो तं तबकडी फिरून राहिली होती, पोरगा डोळे मिटून मुंडकं हलवून राहिला होता, अन् तेजराम दारात हातवारे करून राहिला होता. सगळ्यायची तोंडं हालत होती. मले खालची फरशी कापते इतकंच समजलं. आवाज नाही. अवो, मले वाटलं मी मेलो. मंग मी ओरडलो. माहा आवाज तरी मले ऐकू येते का, हे पाहाले ओरडलो.”

मी विचारलं, “अन् पोराले घरातून जा म्हटलं ते?”

“काय म्हटलं ते मलेच कुठं ऐकू आलं?”

मी विचारलं, मग इतके दिवस सांगितलं कावून नाही? तर म्हणाले, “खाली उतरवतील मले. वर मी उस्ताद हाओ. खाली कोण हाओ?”

बाळा, दोन दिवाळ्या तू आला नाहीस. तुला वाटतं त्यांना तुझं गाणं खुपलं. ते गाणं त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

आज सकाळी मी सांगितलं, शिफ्ट इन्चार्जना तुम्ही सांगा, नाहीतर मी गेटवर येऊन सांगते. तेजरामलाही दोन लेकरं आहेत. ते म्हणाले, तू येऊ नको, मी सांगतो. पण जाताना डबा मागितला, अरुण. सांगून परत येणारा माणूस रात्रीपर्यंतचा डबा कशाला नेईल? मी दिला. काय करणार? तेजराम त्यांच्या सोबतच सायकलवर गेला. त्याने मला फाटकातून तळहात खाली दाबून दाखवला. सावकाश म्हणे! त्याला सांगायला काय जातं. नव्हे, त्यालाच तर सगळ्यात जास्त जातं.

दोनचा भोंगा होऊन बराच वेळ झाला. मघाशी रस्त्यावरून अॅम्ब्युलन्स गेली. मी फाटकाशी जाऊन आले. साहूबाई पण तिच्या फाटकाशी होती. आम्ही एकमेकींना काही विचारलं नाही. आत आले तेव्हा तुझी रेकॉर्ड मशीनवरच होती. लावावी वाटली, पण ते पहिलं शांत वारं आज मला सोसवलं नसतं.

चार वाजले. वर गेले असतील तर आता दुसरी बादली चालू असेल. मी यापुढे काय लिहू ते मला

फाटक वाजलं. थांब.

अरुण, ते आले. बी शिफ्टचा माणूस दिवसाउजेडी घरी आला. डबा हँडलला तसाच लटकलेला, उघडलेलासुद्धा नाही. मी दारात उभी राहिले. त्यांनी सायकल लावली, माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात पोटाशी गुंफले.

मला रडू आलं. त्यांना नाही. ते म्हणाले, “उतरलो बाप्पा! जेवाले वाढ.”

आता अंगणात आहेत. फाटकाचं लाल फडकं सोडून घेतलं आहे आणि त्यानेच सायकल पुसत बसले आहेत. मी काय लिहिते ते विचारलं. मी बोटाने दाखवलं, अरुणला. तर म्हणाले, त्याले लिही, होळीले ये म्हणावं. अन् ती तबकडी वाजव म्हणावं. दिवसा.

तू ये. मी साहूंच्या घरासकट सगळ्यांना सांगून ठेवते.

तुझी वाट पाहणारी आणि आता भरदुपारी तुला मोठ्याने हाक मारणारी,
आई