नानांचं जर्मनीतलं घर

१२ जून २०२३

झाला एकदाचा सौदा! पडेगावचं रान गेलं. तीन एकर, सगळंच. खरेदीखतावर संमती म्हणून मीही सही केली. आप्पा जर्मनीहून फोनवर रडला. "ताई, हितं घर घेतो आन् नानांला घिऊनच येतो." बरं वाटलं. धाकटा असून वडलांना सांभाळायचं म्हणतोय.

३० जून

वरखर्च ऐकूनच डोकं गरगरलं. घराच्या किमतीवर आणखी दहा-बारा टक्के — तिथला कर, नोटरी, दलाल. इथून पैसे पाठवायचे तर बँक आधी टॅक्स कापणार, वर्षाला मर्यादा आहेच. नाना नुसते हसले. "रान ठिवून काय करू? लेकीच्या दारात किती दिस पडून ऱ्हावं?"

आठ वर्षं माझ्याकडे आहेत. अजून परकंच आहे का माझं दार? लागलं मनाला.

८ जुलै

नाना हटून बसलेत — घरावर त्यांचंही नाव हवं! आप्पा समजावतोय: मुखत्यारपत्र, भाषांतर, शिक्के, लई व्याप. नाना ऐकतात होय! "सातबाऱ्यावर नाव लागलं की मानूस त्या गावचा व्हतो. मंग मला कोन हाकलंल?"

मला पटलं. शिकलेली मी, मलाही!

१४ ऑक्टोबर

खरेदी झाली. तिथला नोटरी अख्खा दस्त मोठ्यानं वाचतो म्हणे, ओळ न् ओळ. नानांचं नाव, 'सांडू', म्हणताना अडखळला. नाना दिवसभर तेच सांगत हसत होते.

२ फेब्रुवारी २०२४

नाही. घर नावावर असलं म्हणून नानांना तिथं कायमचं राहायचा हक्क मिळत नाही. तीन महिने पाहुणा म्हणून जायचं, परत यायचं.

आप्पा म्हणतो, "वकील आधीच म्हनला व्हता. मला वाटलं, निघंल कायतरी मार्ग." असा संताप आला!

नाना म्हणाले, "माझंच घर ना? मंग पाव्हना कसा?" मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

११ फेब्रुवारी

नाना जेवले नाहीत. आजही.

१९ मार्च

काल नाना गेले. आमच्यात आपापल्या रानातच अग्नी देतात — आजोबा, आई, सगळी पडेगावलाच. सवयीनं तिकडंच नेलं. नव्या मालकाचा वॉचमन फाटक उघडेना. "मालिक का हुकुम नहीं, बहनजी." शेवटी सरकारी स्मशानात नेलं.

विकताना तेवढा कोपरा राखून ठेवायचं कुणाला सुचलं नाही. आम्ही सगळे तिकडचे कागद वाचत होतो.