नानांच्या अंगठ्याची जागा

१४ डिसेंबर, रविवार. देवपूर

आज नानांचं ते फोल्डर अखेर उघडलं. आनंद व्हायला हवा होता ना?

नाना, आमचे वडील, जाऊन वर्ष झालं. त्यांच्या कॉम्प्युटरची डिस्क माझ्या कॉम्प्युटरला जोडली, तेव्हापासून 'अक्का' नावाचं हे एकच फोल्डर अडून बसलं होतं. उघडायला जावं, तर म्हणे असं काही नाहीच. नाव बदलेना, पुसलंही जाईना. डोळ्यांसमोर दिसतंय आणि नाही म्हणतो मेला कॉम्प्युटर!

आज धाकट्या भावाने, सुनीलने, जळगावात बसून माझी स्क्रीन हातात घेतली. दोन मिनिटांत फोनवर हसला. "अक्का, नावना मांगे मोकळी जागा शे. नानाना जुना कॉम्प्युटरले चालायची, तुना कॉम्प्युटरले चालत नही. काढी टाकू का?"

मोकळी जागा. म्हणजे नानांचा अंगठा! सगळा जन्म कोर्टाबाहेर टायपिंग केलं. शब्द संपला की अंगठा स्पेसबारवर पडायचाच. जेवताना बोलायचे, तेव्हा ताटाच्या कडेवरही पडायचा.

मी "काढ" म्हणाले. लगेच उघडलं. माझे शाळेपासूनचे सगळे फोटो, नानांनी एकेक करून स्कॅन केलेले. सुनीलने खुशीत फोन ठेवला.

मग मी नावाच्या शेवटी ती जागा परत टाकली. कॉम्प्युटरने न विचारता पुसली. पुन्हा टाकली, पुन्हा पुसली. तिसऱ्यांदा काही टाकलं नाही. नुसताच अंगठा स्पेसबारवर टेकवून बसले.