खडा ठरेपर्यंत यंदाचं वर्ष माझं

३ मार्च
माझं लग्न ठरलं. जवळजवळ. एल्मरला दोन अंगठ्यांचे फोटो पाठवले होते, एक हिऱ्याची, एक हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या मॉइसनाइटची. चार दिवसांनी जहाजावरून उत्तर आलं, ‘तुला आवडेल ती.’ पुरुषाने याहून स्पष्ट काय बोलायचं? चव्वेचाळिसाव्या वर्षी गुडघ्यावर बसणं वगैरे कुणाला हवंय! त्याचे गुडघेही दुखतात.
आता फक्त खडा ठरवायचा राहिलाय.

९ मार्च
मॉलमधल्या अंगठ्यांच्या दुकानात शायरा नावाची गोड मुलगी आहे. म्हणाली, मॅम, मॉइसनाइट हिऱ्यापेक्षा जास्त झगमगतो आणि किंमत दहावा हिस्साही नाही. हिरा तपासायचं पेन लावून दाखवलं. दोन्ही खड्यांवर सारखंच वाजलं. मी विचारलं, मग फरक कळतो तरी कधी? म्हणाली, गहाण ठेवायला नेला की.
निश्चय : रविवारपर्यंत ठरवायचं.

२२ मार्च
ठरलं नाही. जन्माचा प्रश्न आहे, भाजी नाही.
जेवताना जिंकीने बॉम्ब टाकला. ती आणि दिंदो डिसेंबरात लग्न करणार, कारण जानेवारीत तो दोन वर्षांसाठी कतारला जातोय. मी शांतपणे सांगितलं, यंदाचं वर्ष माझं आहे. सख्ख्या बहिणींची लग्नं एकाच वर्षात झाली की सुकोब लागतो, एकीचं सुख दुसरी खाते. आईने माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. म्हणाली, थोरलीचा मान आधी.
जिंकी म्हणाली, अगं ताई, पण त्याने तुला विचारलंय का?
म्हटलं, आम्ही खड्यापर्यंत आलोय.

१४ मे
एल्मरला विचारलं, हिरा की मॉइसनाइट, एकच शब्द लिही. त्याने अंगठा पाठवला. दोन्ही आवडले असावेत. त्यानंतरचे सहा मेसेज त्याने बघितलेत, उत्तर नाही. समुद्रावर सिग्नल असाच असतो, वाचता येतं, लिहिता येत नाही.

१९ जुलै
शायराचा रोज मेसेज येतो. गुड मॉर्निंग मॅम, जेवलात का, ठरलं का? या आठवड्यात जेवलात का हे फक्त तिनेच विचारलं. चांगली मुलगी. नक्की तिच्याकडूनच घेणार.
दिंदो आमचा पंखा दुरुस्त करायला आला होता. जिंकी म्हणाली, ताई, दगडच निवडायचाय ना? नाणं उडव! मी म्हटलं, तुझ्यासारखी उतावीळ नाही मी. ती स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ चालू होता. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. कांदा चिरत असावी.
आज पपईची भाजी होती, बिनकांद्याची.

२ सप्टेंबर
मी नोकरी करते त्या नाविक कॉलेजच्या ऑफिसात एक खलाशी सर्टिफिकेटवर शिक्का घ्यायला आला. एल्मरच्याच जहाजावरचा निघाला. मी सहज विषय काढला. म्हणाला, एल्मर? तो तर जूनमध्येच उतरला, मॅडम! सेबू बेटावर घरी असतो. मजेत आहे. पोट सुटलंय त्याचं.
शिक्का उलटा पडला. त्याला दुसरं सर्टिफिकेट करून दिलं.
सेबूतही सिग्नलचा प्रॉब्लेम असणार. डोंगर आहेत तिकडे.

३ सप्टेंबर
नाश्त्याला सगळ्यांसमोर जाहीर केलं : खड्याचा निर्णय घाईत होत नसतो. यंदाचं वर्ष जिंकीने घ्यावं.
‘का?’ याची तीन उत्तरं तयार ठेवली होती. कुणी विचारलंच नाही. आई म्हणाली, कॉफी घे अजून थोडी. जिंकीने मागून गळ्यात हात टाकले आणि काढेचना. कानाशी म्हणाली, ताई, आम्ही मॉइसनाइट घेतलाय. तुझ्या शायराकडूनच. तुझं ऐकून ऐकून मला सगळं पाठ झालं होतं.
कधी घेतला, विचारलं.
एप्रिलमध्ये, म्हणाली.

२८ डिसेंबर
जिंकीचं लग्न. माथ्यावरची जाळी मीच टाचली. टाचणी तिला टोचली नाही, मला टोचली. तिचा खडा चर्चच्या शेवटच्या बाकापर्यंत झगमगत होता. कुणी पेन लावून बघितलं नाही.

३१ डिसेंबर, सायंकाळी ५
आईने नव्या वर्षाच्या बारा महिन्यांसाठी बारा गोल फळं मांडलीत. दोघींना बारा फार होतात. मी ठिपक्यांचा ड्रेस घातलाय, नव्या वर्षी बरकत येते म्हणून.
शायराचा मेसेज आला : मॅम, काय ठरलं? की तुमच्या दोन अंगठ्यांचे फोटो काढून टाकू?
लिहिलं, काढू नकोस, नवीन वर्षात सांगते. लगेच उत्तर आलं. सोबत लाल बदामसुद्धा.
घाई कसली! पुढचं वर्ष आमच्या घरात पूर्ण मोकळं आहे.