रविवारची धार

आई, आज रविवार. धार आत्ताच काढून झाली. तुला वाचता येत नव्हतं, आलेली पत्रं मीच वाचून दाखवायचो. आज लिहिणारा मीच आणि वाचणाराही मीच.

तेव्हा मी बर्फातल्या चौकीवर होतो. आठवड्यातून एकदा, रविवारी फोन, त्यालाही रांग, माणशी चार मिनिटं. पारनेरकडच्या आपल्या वस्तीवर तुझ्या मोबाईलला रेंज यायची ती फक्त गोठ्यात, गव्हाणीपाशी. माझा फोन नेमका धारेच्या वेळी. तू पदरानं मोबाईल कानाशी बांधतेस आणि म्हशीखाली बसतेस. बादलीत सर्र सर्र. मधूनच म्हशीला दटावतेस, "नीट हुबी ऱ्हा गं, ल्योक बोलतोय माझा." मग विहीर किती पायऱ्या खाली गेली, शेवगा कसा लगडलाय, कुणाची गाय व्यायली. मी कसा आहे, ते मात्र विचारत नाहीस. मला वाटायचं, हिला माझी काही पडलेलीच नाही.

एका आठवड्यात आमच्यातला एक जण बर्फाखाली गेला. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. तुझी म्हैस सुरू झाली तसा मी ओरडलोच, "चार मिनिटं मिळतात गं आई! त्यात हे काय म्हशीचं पुराण लावलंस? बंद कर तो आवाज!" धार थांबली. "बरं," एवढंच म्हणालीस.

त्यानंतर दर रविवारी गोठा गप्प. "समदं बरं हाय. तू जप." मला वाटलं, चला, आईला कळलं एकदाचं. गाढव मी! तू गेल्यावर तुझ्या सुनेनं सांगितलं की रविवारी तू धार आधीच काढून घ्यायचीस. अवेळी म्हैस पान्हा चोरायची, लाथा झाडायची, तरी काढायचीस, माझ्या चार मिनिटांत आवाज नको म्हणून. पोटातली गाठसुद्धा त्याच "समदं बरं हाय"खाली झाकलीस. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता.

तुझ्या माघारी, पहाऱ्यावरून येऊन दिवसा आडवा झालो, की डोळा लागता लागता ती धार वाजायची. बाहेर बर्फ पडतंय, त्याला आवाज नसतो. चौकीत शेणाचा, कडब्याचा, कोमट दुधाचा वास भरतोय. मी डोळे उघडत नाही. उघडले की तू उठून जाशील, असं वाटायचं.

आता तुझा नातू तसल्याच चौकीवर आहे आणि मी पेन्शन घेऊन वस्तीवर. रेंज आता घरभर आहे. आज त्याचा फोन आला तेव्हा मी म्हशीखालीच होतो. गडबडीनं उठायला लागलो, तर म्हणाला, "पप्पा, उठू नका. काढा ना धार, ऐकू द्या जरा." मी फोन गव्हाणीवर ठेवला. पुन्हा धार काढायला लागलो. बादली भरत आली, फेस वर आला. मी म्हशीच्या कुशीला डोकं टेकलं.

मग तो म्हणाला, "मम्मी सांगती, आजीपन तुमाला असंच ऐकवायची. तुमी पन असंच गप बसून ऐकायचा का?"

हा कागद घालणार कुठल्या पेटीत? गव्हाणीमागच्या फटीत खोचून ठेवतो. पण तुला सांगायलाच हवं, आई. मी त्याला "व्हय" म्हणालो.