हाकिम: एका शब्दाचं वजन

९ रजब, हिजरी १३१७

पाच तोफा! आगबोट बंदरात आली की दादाच्या मानाच्या तीनच सुटतात. आज पाच. मला वाटलं, चुकून. मग साहेबांचा दुभाषा हाजी याकूब पत्र घेऊन वर आला. दादाला वाचता येत नाही. त्याची पत्रं मीच वाचते, मीच लिहिते — बावीस वर्षं झाली. लाखेची मोहोर फोडली, मायना वाचायला लागले आणि जीभ अडखळली. नेहमीचं 'शेख मुसल्लम बिन राशिद' नाही. 'हाकिम.' या किनाऱ्याचा हाकिम, स्वतःच्या हक्काने राज्य करणारा!

"एवढ्याशा शब्दासाठी दोन तोफा जास्त?" दादा म्हणाला.

"एवढासाच आहे," हाजी म्हणाला, "पण तो लिहायचा की नाही हे ठरवायला साहेब लोकांना चार महिने लागले."

१० रजब

आजोबांपासूनची सगळी पत्रं पेटीतून काढून चटईवर मांडली. आजोबा — 'मोत्यांच्या होड्यांचा म्होरक्या'. बाबा आधी नुसते 'शेख'. कोळसा ठेवायला साहेबांना जागा दिली, त्या वर्षापासून 'आदरणीय शेख'. मग जकातीवरून वाजलं. लगेच पुढच्या पत्रात 'आदरणीय' नाही. कोणी आवाज चढवला नाही, कोणी गोळी झाडली नाही. एक शब्द काढून घेतला, बस. बाबा त्यानंतर महिनाभर कोणाशी धड बोलले नव्हते, ते का, हे मला आज कळलं.

दुपार कधी कलली समजलं नाही.

१६ रजब

उत्तरेकडून सुलतानाचा अधिकारी आला. नऊ उंट, चौदा माणसं. त्याच्या कागदावर सोन्याची पूड शिंपडलेली — वाचताना बोटांना लागत होती. अकरा विशेषणं! स्वतःचं नाव यायच्या आत दादा पेंगला. शेवटी पदवी: 'काइमकाम'. सुलतानाच्या वतीने इथे बसलेला. सोबत जरीचा झगा. दादाने तो चढवला, आरशात पाहिलं.

"शम्मा, मी वरातीतल्या उंटासारखा दिसतोय."

पण बराच वेळ काढला नाही.

हाजी याकूब घामाघूम होऊन आला. "दुसऱ्याच्या वतीने बसणाऱ्याची स्वतःची जमीन नसते. त्या पदवीने सही केलीत तर पुढच्या खेपेला बोटीवरच्या तोफा सलामीला सुटायच्या नाहीत."

सुलतानाचा अधिकारी कॉफी पिता पिता शांतपणे म्हणाला, "दोन दिवसांच्या वाटेवर आमची तीनशे माणसं आहेत. पाहुणे म्हणून यायचं की कसं, ते तुम्हीच सांगा."

दोन बादशहा, आणि मधे एक शब्द. तो लिहायचा मी!

१८ रजब

दादा जेवला नाही. हातातला खजूर नुसता फिरवत बसला.

"काय लिहू?" मी विचारलं.

"गानिम असता तर सांगितलं असतं त्याने, या साहेबांच्या पोटात काय आहे ते."

गानिम माझा मुलगा. दादाला मूलबाळ नाही. गादी गानिमचीच, हे त्याने सगळ्यांसमोर बोलून दाखवलंय. साहेबांची भाषा शिकायला त्यानेच गेल्या वर्षी गानिमला त्यांच्या ठाण्यावर पाठवला. मी नको म्हणत होते.

१९ रजब

काही लिहिलं नाही. दोन लेखण्या मोडल्या.

२० रजब

हे नीट लिहून ठेवायला हवं.

बैठक गच्च भरली होती. मी पडद्याआड. एका बाजूला हाजी, समोर सुलतानाचा अधिकारी. त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मी परत जाऊन काय सांगू? कोणाला भेटून आलो? शेखांना, हाकिमांना, की काइमकामांना?"

तेवढ्यात दारातून म्हातारा बू खमीस आत आला — पूर्वी मोती काढायला बुडी मारायचा, आता दोन्ही कानांनी बहिरा. त्याला कसली बैठक आणि कसलं काय!

"मुसल्लम!" तो ओरडला. "तुझ्या मेव्हण्याच्या बकऱ्या परत माझ्या विहिरीवर! बघणार आहेस की मी बघू?"

दादा उठला. सगळ्यांना तिथेच ठेवून त्याच्यापाशी गेला, त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "बघतो, चाचा. संध्याकाळपर्यंत बकऱ्या हलतील. बसा." स्वतः त्याला कॉफी ओतून दिली. मग वळला.

"ऐकलंत ना? इथे मला याच नावाने हाक मारतात. तेच जाऊन सांगा."

सख्खा भाऊ. लहानपणी याच्या पाठीवर बसून मी समुद्रात उतरायचे. हा माणूस मला आज पहिल्यांदा दिसला!

२१ रजब

दोन्ही पत्रं लिहिली. सही दोन्हीकडे एकच. 'मुसल्लम बिन राशिद.' पुढे काही नाही, मागे काही नाही. ती कोरी जागा बघवेना इतकी मोठी दिसत होती.

५ शाबान

सुलतानाची माणसं आली नाहीत. निरोप्या आला तो फक्त झगा परत न्यायला. दादाने घडी करून दिला. नंतर खूप हसला.

१३ शाबान

साहेबांकडून काही नाही. हाजी आजकाल माझ्या पडद्याकडे बघत नाही.

२७ शाबान

बोट आली. पत्र आलं. 'हाकिम' आहे, पुढे आणखी दोन विशेषणं आहेत. पण ती पदवी ज्याला दिलीय ते नाव दादाचं नाही, गानिम बिन सुहैल. माझ्या गानिमचं. तो बोटीवरच आहे म्हणे.

"थांबलीस का? वाच," दादा म्हणाला.

वाचलं. एक शब्द गाळला नाही. दादाने नाव पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग खिडकीतून बंदराकडे बघत म्हणाला, "ऊन फार आहे, शम्मा. पोराला उतरवून घ्या."