काठावरचा माणूस

२ फेब्रुवारी, सोमवार

किशनराव दुकानात आले ते हसतच. पाथरीकडचे शेतकरी. परवा त्यांच्या आईचा, धुरपताबाईंचा, श्रद्धांजलीचा फ्लेक्स छापून दिला होता. फोटो त्यांचा, आणि "चार ओळी तुमीच टाका" — सगळे तसंच म्हणतात. मी दोनच टाकल्या —

काठावरती आम्ही उभे, पाणी गेले दूर,
अजून कानी घुमतो आई, तुझ्या हाकेचा सूर.

"शेठ, आमच्या गावाला नदी हाय का?" किशनराव म्हणाले. "बोअरचं पाणी पितो आमी. माय खाटेवर गेली. आता आमी कोनत्या काठावर उभं राहावं?"

मलाही हसू आलं. बदलून देतो म्हणालो, तर नको म्हणे. बहीण त्या ओळी वाचून लय रडली, आता काढल्या तर भांडेल. चहा घेऊन गेले.

पण खरंच — नदी कुठून आली?

४ फेब्रुवारी, बुधवार

घरभर मी छापलेल्या जुन्या शोकपत्रिका पसरल्यात. रुद्राणी, आमची लेक, एम.ए. मराठीला आहे. प्रकल्पाला विषय घेतलाय — श्रद्धांजलीच्या कविता. बापच तीस वर्षं लिहितोय तर पोरीनं बाहेर कशाला हिंडायचं! चौसष्ट निघाल्या. मी कवी आहे हे आज कळलं. सातवी पास माणूस. प्रेसमध्ये खिळे जुळवता जुळवता ओळी जुळवायला शिकलो, एवढंच.

पोरीनं समजावून सांगितलं. आशय, म्हणजे कविता कशाबद्दल आहे. प्रतिमा, म्हणजे वाचताना डोळ्यांपुढं काय येतं. आणि सूर — सांगणारा कोणत्या मनानं सांगतोय. सूर मला लगेच समजला. गिऱ्हाईक "येतो" म्हणालं की ते येणार का शेजारच्या दुकानात जाणार, हे त्या "येतो"वरूनच कळतं. बाजारात माझ्या कानाचं नाव आहे.

माय भिंतीला टेकून तूर निवडत होती. खाली मान घालूनच म्हणाली, "लहानपनापासून तसलेच कान हायेत त्याचे."

मी उठून बाहेर गेलो.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

चौसष्टपैकी एकेचाळीसमध्ये पाणी. पोरीनं निळ्या पेनानं खुणा केल्यात. सगळी पत्रिकाच निळी दिसायलीय.

७ फेब्रुवारी, शनिवार

संघप्रिया मॅडम, रुद्राणीला शिकवणाऱ्या, आज तिच्याबरोबर दुकानात आल्या. साध्या बाई, पण नजर धारदार. किशनरावांच्या आईची कविता हातात धरून म्हणाल्या, आशय सरळ आहे, वियोग. तो सगळ्याच श्रद्धांजल्यांत असतो. मग चष्मा काढला.

"पण बाकीच्यांत गेलेल्या माणसाचं कौतुक असतं. तुमच्यात कौतुक कमी आणि माफी जास्त आहे. म्हातारं माणूस घरात, अंथरुणावर गेलेलं असलं तरी कवितेतला हा माणूस आपला काठावरच. हाक ऐकतोय. पाण्यात का उतरत नाही तो?"

"पोहता येत नसेल, मॅडम," मी म्हणालो. दोघी हसल्या.

मला पोहता येतं.

लिहूनच टाकतो. इथं कोण वाचतंय.

येलदरी धरणाच्या खालच्या अंगाला आमचं गाव, पूर्णेच्या काठावर. मी चौदाचा, थोरला बसवेश्वर सोळाचा. तो म्हैस धुवायला घरामागच्या डोहात उतरला होता. मी बाभळीखाली बसलो होतो, रुसून. कशावरून रुसलो ते आठवत नाही — हे सगळ्यात वाईट! बसूदादाला एक खोड होती. पाण्यातून बुडाल्यासारखी हाक मारायची, मी कपड्यांनिशी उडी टाकली की खदाखदा हसायचं. तीनदा फसलो होतो. चौथ्यांदा हाक आली, "राजूऽऽ". मी हललो नाही. म्हटलं, मार तू हाका.

दोनदा आली. मग आली नाही.

सगळ्यांना सांगितलं, ऐकू आलं नाही. त्रेचाळीस वर्षं तेच सांगतोय. आमच्यात, लिंगायतांत, मेलेल्याला समाधीत बसवतात. दादाला बसवताना त्याची मान एकसारखी खाली यायची. शेवटी मला धरायला सांगितलं. मी धरली.

म्हणजे या पत्रिकांवर मी नावं तेवढी बदलत आलो. मेलेला माणूस एकच.

८ फेब्रुवारी, रविवार

रुद्राणीला म्हणालो, पाण्याच्या कविता वगळ. का, तर छपाईत चुका हायेत.

"पप्पा, त्या वगळल्या तर प्रकल्पात राहतं काय?"

आणखी एक सांगितलं पोरीनं. येत्या मंगळवारी ती सगळं घरात वाचून दाखवणार. आजीनंच सांगितलंय वाचायला.

मायला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून इतकी वर्षं बिनघोर छापत आलो. माझी एकही ओळ तिच्या कानावर गेलेली नाही. तिनं ओळखलं तर? एक्क्याऐंशीची आहे. एका लेकानं दुसऱ्याला बुडू दिलं, हे घेऊन तिनं जायचं?

९ फेब्रुवारी, सोमवार

पाणी नसलेली एक कविता लिहायला बसलो. एका शिक्षकांसाठी. फळा, खडू, घंटा, सगळं आणलं. शेवटची ओळ आपोआप आली — वर्गाबाहेरून कुणीतरी हाक मारतंय.

फाडली.

१० फेब्रुवारी, मंगळवार

वाचलं पोरीनं. स्पष्ट, न अडखळता. गळ्यातलं लिंग मुठीत धरून माय ऐकत होती. "या कवितांतला माणूस हाक ऐकतो आणि उठत नाही" इथं आल्यावर मायनं हात वर केला.

"पुन्ना वाच."

रुद्राणीनं पुन्हा वाचलं. मग माय उठली. जेवली, नेहमीइतकीच. मी ताटावर बसून उठलो.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दोन दिवस माय गप्प. मला तिच्या श्वासाचासुद्धा सूर लागेना. काय हे कान!

आज दुपारी दुकान कामाच्या पोरांवर सोडून घरी आलो. रुद्राणी कॉलेजात. मायच्या पायाशी बसलो आणि सांगितलं. बाभळ, रुसवा, दोन हाका. "मला ऐकू आलं होतं, माय. खोटं बोललो मी."

तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. पदरानं हात पुसत राहिली. कोरडेच हात. मग म्हणाली, जा, दुकान उघडं हाय.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी निघताना मायनं दारात हाताला धरलं. म्हणाली, "मीबी ऐकली व्हती. दोनीबी हाका. तव्यावर भाकर व्हती. म्हनलं, राजू हाय की तितं."